धर्मस्वातंत्र्याचे मोल

शहाडच्या काठाने वाहणारी उल्हास नदी कल्याण, ठाणे करीत वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी इ. स. १५३४ पासून २०५ वर्षे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात वसई-साष्टीतील देवळे पाडली गेली. हिंदूंच्या उघड पूजाअर्चेस व धर्मकृत्यांस बंदी आली. पोरकी मुले नातलगांकडून काढून घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याचे हुकूम सुटले.

भिवंडीजवळील अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी रयतेचे हे गाऱ्हाणे पेशव्यांच्या कानी घातले. मोहिमेमागे राज्यविस्ताराचे राजकारणही होतेच; परंतु जाचलेल्या प्रजेची हाक तिच्या मुळाशी होती. इ. स. १७३७ मध्ये बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनी ठाणे घेतले. पुढे वसईस वेढा पडला. विजय मिळाल्यास देवीचे देऊळ बांधीन, असा नवस आप्पांनी वज्रेश्वरीस केला, अशी परंपरागत श्रद्धा आहे. सुरुंगांनी बुरूज उडवीत व एकामागून एक हल्ले चढवीत मे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई सर केली.

या विजयाची किंमत फार मोठी होती. मराठ्यांकडील ठार व जखमी मिळून सुमारे ५,००० माणसे, तर पोर्तुगीजांकडील सुमारे ८०० अशी नोंद आहे. किती घरांतील कर्ते पुरुष परतले नाहीत, याची मोजदाद कोणी केली नाही. स्वतः आप्पाही पुढे दीड-दोन वर्षांतच, डिसेंबर १७४० मध्ये निवर्तले.

एवढे रक्त सांडल्यावरही विजेत्यांनी सूड उगवला नाही. शरण आलेल्यांस शस्त्रे व चीजवस्तूंसह सुखरूप जाऊ दिले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहात मान्य झाली. वसईत आजही देवळाची घंटा व चर्चची घंटा शेजारी शेजारी वाजतात. जे स्वातंत्र्य स्वतःसाठी मागितले, ते हरलेल्यासही दिले, यातच त्या लढ्याची खरी थोरवी आहे.

जीर्णोद्धारास हातभार लावणाऱ्या दात्यांची नावे या स्मरणिकेत आदराने छापली आहेत. वसईच्या तटाखाली पडलेल्या हजारोंची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत. गावात निर्भयपणे आरती होते, त्यामागे या निनावी दात्यांचे दान आहे. श्रींच्या चरणी माथा टेकताना त्यांचेही स्मरण व्हावे.