पावकी, निमकी आणि सावकाराची वही

‘तेरा पाऊण पावणेदहा, चौदा पाऊण साडेदहा.’ साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत अनेक मराठी घरांत दिवेलागणीनंतर हा सूर ऐकू यायचा. शुभंकरोती झाली, की परवचा. आधी बेपासून तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. एखाद्या घरी आजोबा फारच कडक असले, तर साडेतीनची औटकीसुद्धा. आठ-नऊ वर्षांच्या पोराला अपूर्णांक म्हणजे काय हे कोणी फळ्यावर समजावलेले नसे; पण तेरा शेरांचे बारा आणे दराने किती होतात, हे ते झोपेतही सांगे.

आजच्या आईबापांना हे वेड वाटते किंवा हरवलेले वैभव वाटते. दोन्ही समजुतींत थोडी गफलत आहे. हे पाढे पाठ करण्यामागे बुद्धीला धार लावण्याचा हेतू फारसा नव्हता. ती घरखर्चाची आणि बाजाराची अवजारे होती.

जुनी मापे पाहिली की हे चटकन ध्यानात येते. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. सगळा मामला दुपटीचा. मणाच्या पायल्या किती, हे मात्र मुलखागणिक बदले, आणि परगावी धान्य विकायला गेलेल्याने ते आधी विचारून घ्यायचे असे. नाण्यांचेही तसेच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. दोन आण्यांची चवली, चारांची पावली, आठांची अधेली. पायलीची निळवी चौसष्ट आणि रुपयाचे पैसेही चौसष्ट. अशा जगात दशांश चिन्हाला कामच नव्हते. अर्धा, पाव आणि पाऊण एवढ्यांवर घर चालत होते, म्हणून पाढेही त्यांचेच होते.

अडीचकी का लागे, याचे उत्तर तर फारच सुरेख आहे. मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा. चाळिसाला सोळाने भागले की अडीच येतात. म्हणजे मणाला जितके रुपये भाव, तितकेच आणे अडीच शेराला. गहू पाच रुपये मण असला तर अडीच शेर गहू पाच आण्यांचे. भागाकार नाही, पाटी नाही, पेन्सिल नाही. आणि गहू रुपयाला मण असला, तर सात आण्यांचे किती शेर? सात अडीच साडेसतरा. दुकानदार पुडी बांधेपर्यंत गिऱ्हाइकाचा हिशेब तयार.

हे शिक्षण पंतोजीच्या शाळेत सुरू होई. शाळा म्हणजे बहुधा कुणाची ओसरी किंवा देवळाचा सोपा. फळीवर धूळ पसरून काडीने आकडे गिरवायचे, ती धुळपाटी. संध्याकाळी एक थोरला मुलगा पुढे उभा राहून पाढा सांगे आणि बाकीचे त्याच्यामागून ओरडत. तोच आवाज पुढे घरी परवच्यात घुमे. 1821 साली मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी लिहून ठेवले आहे की, या मुलखात शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल, आणि इथला साधा शेतकरी किंवा किरकोळ दुकानदार आपले हिशेब विलायतेतल्या खालच्या थरांतल्या लोकांपेक्षा चोख ठेवतो. पुढे त्याच दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी वळणाच्या गणिताची पुस्तके मराठीत आणली आणि छापील अंकगणित शाळांत शिरू लागले. घरच्या परवच्यावर त्याचा लगेच काही परिणाम झाला नाही.

प्रेंडरगास्ट यांच्या शेऱ्यावर आजही अनेकजण खूश असतात. पण तो शेरा जपून वाचायला हवा. पंतोजीच्या ओसरीवर कोण बसत होते? ब्राह्मण, वाणी, सोनार, थोडीफार सुखवस्तू कुणब्यांची मुले. महार-मांगांच्या मुलांना तिथे जागा नव्हती, मुलींनाही नव्हती. पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती 1848 साली.

ज्याच्या घरी परवचा नाही, त्याला त्याची किंमत रोकडीत मोजावी लागे. पेरणीच्या वेळी बियाणे उसने घ्यायचे आणि सुगीनंतर सवाईने किंवा दिढीने परत करायचे, हा खेड्यापाड्यांतला व्यवहार. सात पायल्या नेल्या तर सवाईने पावणेनऊ, दिढीने साडेदहा. म्हणजे सवायकी आणि दिडकी हे थेट सावकाराच्या ओट्यावरचे पाढे! सावकाराचा दहा वर्षांचा मुलगा ते घडाघडा म्हणे आणि समोर बसलेला कुळवाडी अंगठा उठवी. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, आणि पुढच्या दिवसांत पुणे-नगर भागात ते लोण पसरले, तेव्हा जमावाचा मुख्य डोळा होता तो रोखे, खतपत्रे आणि वह्यांवर. मिळतील ते कागद त्यांनी जाळले. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतिरावांनी शेतकऱ्याच्या अज्ञानाचा आणि त्याच्या लुबाडणुकीचा संबंध जोडला, तो याच काळात.

म्हणून मग ज्यांना शाळा नव्हती त्यांच्या घरात गणितच नव्हते, असेही नाही. ते निराळ्या वाटेने येत होते. मुलींचे सागरगोटे घ्या. पाच गोट्यांतला एक वर उडवायचा आणि तो खाली येण्याआधी जमिनीवरचे चार उचलायचे: आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन नि एक, शेवटी चारही. चारची फोड किती तऱ्हांनी होते, हे बोटांना असे कळते. सारीपाटावर कवड्या पडल्या की उताण्या किती हे मोजून सोंगटी किती घरे पुढे न्यायची आणि कुणाची मारायची, हे बेरजेबरोबर डावपेचाचेही काम. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी ओळी-रकाने मोजल्याशिवाय जुळत नाही. विटीदांडूत विटी पडली तिथपासूनचे अंतर दांडूने मोजत ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी मोजणी व्हायची. हे आकडे तेलुगूशी नाते सांगतात, म्हणजे खेळ कुठून कुठे फिरत आला असेल याचाही त्यात थोडा माग आहे. जात्यावर बसणाऱ्या बाईला पायलीभर ज्वारीच्या भाकरी किती होतील हे अचूक ठाऊक असे. तिला कोणी गणिती म्हटले नाही, एवढेच.

हे सगळे डळमळले ते मुले आळशी झाली म्हणून नव्हे. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढच्या वर्षी, 1 ऑक्टोबर 1958 पासून, मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेर गेला, किलो आला. मधली काही वर्षे मजेची होती. जुने आणे आणि नवे पैसे शेजारी शेजारी चालत होते. सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा नवे पैसे, दोनांचे बारा, पण तिनांचे एकोणीस! आण्याआण्याने तीनदा सामान घेणाऱ्याला अठरा पैसे पडत आणि एकदम घेणाऱ्याला एकोणीस. सवा सहाचे तुकडे पाडणार कसे, हे कोडे घराघरांत पोरांनी सोडवले असणार. ‘नवे’ हा शब्द 1964 साली नाण्यांवरून गळला, आणि अडीचकीच्या मुळाशी असलेले चाळीस शेर व सोळा आणे तोपर्यंत बाजारातून उठून गेले होते.

यानंतरही घरोघरी पावकी म्हणून घेतली जात होती, पण ती म्हणणाऱ्या मुलाला तिचा उपयोग करून पाहायला जागा उरली नव्हती. उपयोग सुटला की पाठांतराची नुसती शिक्षा होते. नातवाला निमकी येत नाही म्हणून हळहळणाऱ्या आजोबांनी एवढे लक्षात घ्यायला हवे, की त्यांच्या पाठीशी अख्खा बाजार उभा होता. नातवाच्या समोर दुकानात काटा आकडे दाखवतो आणि पैसे फोनवरून जातात.

तरी सगळे संपलेले नाही. भाजीवाली आजही पाव किलो गवार देते, घड्याळात पावणेसात वाजतात, दूध अर्धा लिटर येते आणि साखरेचे प्रमाण दीड वाटी असते. पोराला गणित यावे असे वाटणाऱ्यांनी औटकीची जुनी अंकलिपी शोधत बसण्यापेक्षा त्याच्या हातात पिशवी द्यावी, पैसे द्यावेत, मंडईत सुट्ट्याचा हिशेब त्यालाच करू द्यावा आणि तो चुकला तर मध्ये तोंड घालू नये. पावली मात्र आता त्याच्या हातावर ठेवता येणार नाही: पंचवीस पैशांचे नाणे 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाले आहे.