अळणीचा इतिहास : खानदेशी वाळवण आणि पथ्याचे दिवस

गेल्या ज्येष्ठात आमच्यापैकी एकाला डॉक्टरांनी रक्तदाबाचे निदान करून मीठ कमी करण्यास सांगितले. पापड, लोणचे, फरसाण बंद. जेवणात वरून मीठ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, मीठ खावे. योगायोग असा की त्याच आठवड्यात घरातली वर्षाची बेगमी नुकतीच भरून झाली होती. ज्वारीच्या बिबड्यांचे दोन डबे, उडदाचे पापड, कुरडया, कोहळ्याचे सांडगे, कैरीच्या लोणच्याची बरणी, आणि परसातल्या गवारीच्या वाळलेल्या शेंगांची एक पिशवी. साठवण आणि पथ्य एकाच दिवशी एकमेकांसमोर उभे राहिले, आणि त्या पेचातून हा लेख सुचला.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाचे बालपण धुळ्यात गेले, दुसरीचे जळगावात. त्यामुळे आमचे लक्ष प्रथम शब्दांकडे गेले. संस्कृतातील 'अलवण' या शब्दापासून मराठीत 'अळणी' आला, आणि तो केवळ स्वयंपाकघरात राहिला नाही. नीरस भाषणाला आपण अळणी म्हणतो, पुस्तक परीक्षणातही हा शेरा सहज मारतो. उलट 'लवण' या शब्दापासून 'लावण्य' सिद्ध होते. इमानदारी सांगायची तर आपण खाल्ल्या मिठाला जागतो. ज्या भाषेने सौंदर्य, रस आणि निष्ठा या तिन्ही गोष्टी मिठाच्या खात्यावर मांडल्या, त्या भाषेच्या माणसाला 'मीठ सोडा' हा सल्ला म्हणजे काहीसा रसभंगच वाटतो.

पण वर्ज्य-अवर्ज्याचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला; त्यातील व्रतखंड पाहिला म्हणजे त्या काळी खाणे न खाणे हा किती तपशिलाचा विषय होता याची कल्पना येते. चातुर्मासाबद्दलचा रूढ नियम तर सर्वपरिचित आहे : श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदे-वांगी मनसोक्त खायची आणि एकादशीपासून ती सोडायची, हा त्याचा लौकिक अवतार. वांगे परत पानात येते ते अनेक घरांत मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याला भरीत म्हणून. २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वांग्यावर जीव असलेल्या प्रदेशाने ते महिनोन्‌महिने सोडून द्यावे, यात संयमाची केवढी कसोटी आहे हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही.

या वर्ज्यकाळाचे दुसरे टोक उन्हाळ्यात आहे, आणि त्याकडे आपल्या सांस्कृतिक इतिहासाने पुरेसे पाहिलेले नाही. पावसाळ्यात जे सोडायचे किंवा जे मिळणार नाही, त्याची भरपाई चैत्र-वैशाखातच करून ठेवावी लागते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच दिवसांच्या आगेमागे गच्चीवर, अंगणात वाळवणे पडतात. ज्वारी भिजवून आंबवायची, कांडून तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची घालायची आणि ओल्या फडक्यावर बिबडे थापायचे. गरम घाटा तेल घालून खाण्यासाठी पोरांची रांग लागते. मेथी सावलीत सुकवायची, गवार उन्हात, कैरीच्या फोडी कडक होईपर्यंत. चातुर्मासाचे व्रत पोथीत लिहिलेले आहे. त्या व्रताचा पुरवठा करणारे हे खाते मात्र कोणत्याही पोथीत नाही.

इथे भूगोलाचा मुद्दा येतो. भाजी किंवा फळ टिकवायचे म्हणजे त्यातले पाणी सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडू द्यायचे नाही. हे दोन प्रकारांनी साधते. मीठ पाणी ओढून घेते. ऊन ते उडवून लावते. कोकणात मिठागरे जवळ आणि हवा दमट; म्हणून तिथे खारातल्या कैऱ्या, मिठातले फणसाचे गरे, मिठाच्या पाण्याची पुटे दिलेली आमसुले. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या तापीच्या खोऱ्यात समुद्र नाही, पण मे महिन्यात पारा सहज ४२ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. मीठ इथे विकत आणायचे. आणि इंग्रजी अमलात त्यावर कर होता, जो १९४७ पर्यंत उठला नाही. ऊन मात्र फुकट होते. खानदेशी साठवणीतला बराच भाग मिठावर नव्हे, तर उन्हावर उभा आहे. आमच्या घरातले पापड, बिबडे आणि लोणचे पथ्यात बसत नव्हते, कारण त्यांत मीठ होते आणि पापडखारातही सोडियम असते. पण गवारीच्या त्या पिशवीत मिठाचा कणही नव्हता, हे आमच्या लक्षात यायला पंधरा दिवस जावे लागले.

लक्षात आणून दिले ते आईंनी. पथ्याचे ऐकून त्यांनी बरणी मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मिठाशिवाय वाळवण होत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या सासूबाई गवार, मेथी, कैरी सगळं कोरडंच वाळवायच्या." मग त्यांनी वाळलेली गवार कोमट पाण्यात भिजत घातली, लसूण आणि तिळाचा कूट घेतला, आणि मिठाच्या जागी वाळवलेल्या कैरीच्या चार फोडी टाकल्या. आंबटपणा जिभेला फसवतो, मिठाची उणीव निम्म्याने तरी झाकतो. पहिल्या घासाला भाजी अळणीच लागली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. आठव्या-दहाव्या दिवशी मात्र गवारीचा स्वतःचा कडवटसर स्वाद ओळखू येऊ लागला, जो एरवी मिठाखाली दबून गेलेला असे.

या निमित्ताने खानदेशच्या वाङ्मयीन इतिहासातली एक विलक्षण गोष्ट पुन्हा जाणवली. १९३२ च्या सत्याग्रहात विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. अस्वाद हे ज्यांच्या आश्रमी एकादश व्रतांपैकी एक, त्या परंपरेतला हा संयमाचा शब्द. दुसरीकडे जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत. सोपानदेवांनी आणि घरातल्या मंडळींनी ती टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती मराठी वाचकांपुढे आली. म्हणजे या भूमीतले दोन थोर ग्रंथ मुळात बोललेले आहेत, आणि दुसऱ्या कुणीतरी ते साठवले म्हणून टिकले आहेत.

वाळवणाच्या विद्येला असा लेखनिक लाभला नाही. १८७५ चे 'सूपशास्त्र', १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र', १९७० ची कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' ही मराठी पाकग्रंथांची मानाची परंपरा खरी. पण तिचे स्वयंपाकघर बव्हंशी मुंबई-पुणे-सांगलीकडचे आहे. खानदेशी बाईचे कौशल्य तिच्या हातात राहिले आणि हातांबरोबरच जात आहे. आईंना आम्ही विचारले, गवार वाळली हे कसे ओळखायचे? त्या म्हणाल्या, "हातात घेऊन हलवायची. आवाज सांगतो." हे वाक्य कोणत्याही पुस्तकात आम्हाला सापडले नव्हते. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. यंदा गच्चीवर चढल्या नाहीत. खालून सूचना देत होत्या.

व्रत आणि पथ्य यांतला फरकही या दिवसांत कळला. व्रताला उद्यापन असते, पथ्याला नसते. चातुर्मास सोडणाऱ्याला चंपाषष्ठीचे भरीत दिसत असते. रक्तदाबाच्या रुग्णाला कोणतीच षष्ठी दिसत नाही. पूर्वीच्या संयमाला ऋतूची चौकट होती, शेजाऱ्यांची सोबत होती, आणि त्यामागे चार महिने आधीपासून राबणारे हात होते. आजचा पथ्यकरी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह एकटा जेवायला बसतो. म्हणून आम्ही घरापुरता एक उपाय केला : संपूर्ण कुटुंबानेच रात्रीचे जेवण अळणीकडे झुकवले. मुलांनी कुरकुर केली. पण आता तीच डब्यातून वाळवलेली कैरी चोरून खातात.

संयमाचा इतिहास लिहिताना आपण विनोबांचा शब्द उद्धृत करतो, तो योग्यच आहे. परंतु संयम शक्य व्हावा म्हणून उन्हात बसलेल्या बाईचे ज्ञानही त्याच इतिहासाचे प्रकरण आहे. यंदा आमच्या पदव्युत्तर वर्गाला आम्ही प्रकल्प दिला आहे : घरातल्या सर्वांत वडील बाईला वाळवणाबद्दल विचारा, तिचे शब्द तिच्याच बोलीत, दुरुस्त न करता उतरवून आणा. पहिली वही आईंची आहे. तिच्या पहिल्या पानावर एवढेच लिहिले आहे : गवार हलवून पाहावी, आवाज आला की भरावी.