हे वाक्य कुणाचं? दोन खोके आणि मधला दोरा

तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा मॅडमकडून परत आला. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात तीन शब्द: "हे वाक्य कुणाचं?" वाक्य १८७० च्या दशकातल्या पुणे जिल्ह्यातल्या सावकारांबद्दल होतं, माझ्या प्रकरणाचा अर्धा युक्तिवाद त्याच्यावर उभा होता, आणि मला उत्तर देता येईना. टिपणात ते वाक्य होतं. त्याच्याखाली संदर्भाची खूणही होती. पण त्या खुणेवरून गेलं की भलतंच पुस्तक उघडत होतं.

झोटेरोतले संदर्भ नोशनमध्ये किंवा ऑब्सिडियनमध्ये कसे आणायचे, दोन्हीकडे सिंक कसं ठेवायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारत असतात. सांगते. पण आधी थोडं मागे जाऊ, कारण मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि मला दुसरं काही धड येत नाही. शिवाय ही अडचण कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळ जुनी आहे, निदान पावणेपाचशे वर्षांची.

संशोधन करणाऱ्या प्रत्येकाकडे दोन खोके असतात. एका खोक्यात पुस्तकं: लेखक, साल, कुठे छापलं, कुठल्या ग्रंथालयात मिळालं. दुसऱ्यात त्या पुस्तकांतून उचललेलं आणि आपल्या डोक्यात आलेलं. पहिला खोका पुस्तकानुसार लावायचा असतो, दुसरा विषयानुसार. दोन्हींचा क्रम वेगळा, म्हणून एकच खोका करून भागत नाही. आणि खोके दोन झाले की मध्ये एक दोरा लागतो. सगळी भानगड त्या दोऱ्याची आहे.

झुरिचचा वैद्य आणि निसर्ग-अभ्यासक कोनराड गेसनर याने १५४५ मध्ये 'बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस' छापलं. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रूमध्ये लिहिणाऱ्या सुमारे ३,००० लेखकांची यादी, कुणी काय लिहिलं याच्या तपशिलासकट. (यादी लेखकांच्या पहिल्या नावाने लावलेली आहे. आपल्याकडच्या दूरध्वनी-वह्यांसारखी!) हा झाला पहिला खोका. तीन वर्षांनी, १५४८ मध्ये, त्याने 'पँडेक्टे' काढलं. तीच ज्ञानसंपदा, पण आता विषयवार: व्याकरणाबद्दल कुठे काय, भूगोलाबद्दल कुठे काय. हा दुसरा खोका. एकूण २१ भाग ठरले होते. १९ एकदम आले, धर्मशास्त्राचा १५४९ मध्ये आला, आणि वैद्यकाचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या विषयाचा, कधीच आला नाही. पीएचडी करणाऱ्यांनी यावरून काय तो दिलासा घ्यावा.

मला जास्त रस आहे तो गेसनरने सांगून ठेवलेल्या कामाच्या पद्धतीत. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर. मग कात्रीने मुद्दे कापून वेगळे करायचे, त्या चिठ्ठ्या मनासारख्या लागेपर्यंत हलवत राहायच्या आणि शेवटी चिकटवायच्या. कधी कधी तो छापील पुस्तकच कापायचा, आणि कागदाच्या दोन्ही बाजू वापरायच्या असतील तर दोन प्रती घ्या असं सुचवायचा. आता कात्री चालवण्याचा तो क्षण डोळ्यासमोर आणा. कापण्याआधी सगळे मुद्दे एका पानावर होते, वर पुस्तकाचं नाव होतं. कापल्यावर ते नाव एकाच चिठ्ठीवर राहिलं. बाकीच्या चिठ्ठ्या पोरक्या! म्हणजे कापायच्या आधी प्रत्येक मुद्द्याशेजारी ठावठिकाणा लिहायलाच हवा. आपण पीडीएफमधून वाक्य कॉपी करून नोशनच्या पानावर टाकतो, तेव्हा हीच कात्री चालवत असतो, फक्त आवाज येत नाही.

पुढच्या शतकात याचं चक्क फर्निचर झालं. १६४० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरिसन नावाच्या माणसाने टिपणांचं एक कपाट कल्पिलं. आत विषयांच्या नावांच्या पट्ट्या, प्रत्येकीला आकडा, आकड्याला चिठ्ठ्या अडकवायच्या. त्याच्या लेखनाचं हस्तलिखित फिरत फिरत हॅम्बुर्गच्या व्हिन्सेंट प्लाक्सियसकडे पोचलं. १६८९ मध्ये टिपणं काढण्याच्या कलेवरच्या आपल्या पुस्तकात त्याने ते छापलं, पण लेखकाचं नाव न देता, कारण ते त्याला माहीतच नव्हतं. गंमत अशी की निनावी आणि टोपणनावाने छापलेल्या पुस्तकांचे खरे लेखक शोधून काढणं हेच प्लाक्सियसचं आयुष्यभराचं काम! हॅरिसनचं नाव पक्कं झालं ते २००४ मध्ये, इतिहासकार नोएल माल्कम यांच्या लेखामुळे. चिठ्ठ्या कशा सांभाळाव्यात हे सांगणारी चिठ्ठीच साडेतीनशे वर्षं पोरकी होती.

फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची नोंद १७९१ मध्ये पत्त्यांच्या पाठीवर करायला सांगितली होती (तेव्हा पत्त्यांची पाठ कोरी असायची), तो किस्सा पुन्हा कधीतरी. आपल्याला लुमानकडे जायचंय.

निक्लास लुमान हा जर्मन समाजशास्त्रज्ञ. टिपणांबद्दलचे व्हिडिओ बघणाऱ्यांना त्याचं नाव नको इतकं माहीत असेल. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. त्या आता बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आहेत आणि २०१९ पासून टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर येताहेत. सगळे त्याच्या विचारांच्या जाळ्याबद्दल बोलतात. पुस्तकांच्या चिठ्ठ्यांचा त्याचा वेगळा विभाग होता, हे फारसं कुणी सांगत नाही. वाचताना तो चिठ्ठीच्या एका बाजूला पुस्तकाचा तपशील लिहायचा आणि मागे 'या पानावर हे, त्या पानावर ते' अशी त्रोटक नोंद करायचा. मग नंतर बसून, स्वतःच्या विचारांच्या संदर्भात, मुख्य खोक्यासाठी नवीन चिठ्ठी लिहायचा आणि तिच्यात पुस्तकाकडे बोट दाखवायचा. बोट एकाच दिशेला: विचाराकडून पुस्तकाकडे.

आणि त्याचे क्रमांक! ते नीट बघण्यासारखे आहेत. समजा २१/३ अशी चिठ्ठी आहे, पुढची २१/४. मध्येच काहीतरी सुचलं, तर नवी चिठ्ठी २१/३अ होते आणि मध्ये शिरते. आधीच्या कुठल्याही चिठ्ठीचा क्रमांक हलत नाही. क्रमांकाला विषयाचा अर्थ चिकटलेला नाही, तो फक्त जागा सांगतो. म्हणून तीस वर्षांत लुमानची मतं बदलली, विषय बदलले, तरी १९६३ च्या चिठ्ठीकडे दाखवलेलं बोट १९९३ मध्येही त्याच चिठ्ठीवर टेकायचं.

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात हेच शहाणपण आहे. पुस्तकावर दोन क्रमांक असतात. वर्गांक विषय सांगतो, दाखल अंक काहीच सांगत नाही, पुस्तक आलं तेव्हा रजिस्टरमध्ये पुढचा जो आकडा होता तो. वर्गीकरण उद्या बदलू शकतं. दाखल अंक बदलत नाही, कारण त्यात चूक दुरुस्त करण्याजोगं काही नसतंच.

पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या बृहत्कोशाचं काम १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झालं. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये बाहेर आला. एक चिठ्ठी म्हणजे एक शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि ग्रंथाचा ठावठिकाणा. कल्पना करा, त्या ठावठिकाण्याची ओळ पुसली गेली तर चिठ्ठीवर काय उरेल? एक संस्कृत वाक्य. पण वेदातलं की बाराव्या शतकातलं, हे कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय शब्दाचा इतिहास कसा लिहिणार?

आता कॉम्प्युटर. १९८५ मध्ये ओरेन पाताश्निक आणि लेस्ली लॅमपोर्ट यांनी बिबटेक्स केलं. त्यात प्रत्येक पुस्तकाला एक छोटी खूण द्यायची आणि लेखनात ती खूणच वापरायची. बहुतेकांनी खुणेसाठी आडनाव आणि साल वापरायला सुरुवात केली, कारण लक्षात ठेवायला सोपं. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातून झोटेरो आलं. ते इतिहासकारांनी इतिहासकारांसाठी केलेलं आहे, हे मी अभिमानाने सांगत असते. नाव एका अल्बेनियन क्रियापदावरून, अर्थ साधारण 'आत्मसात करणे'. मात्र टिपणांचा खोका अनेकांनी दुसरीकडेच ठेवला. २०२० मध्ये ऑब्सिडियन आलं, मे २०२१ मध्ये नोशनने बाहेरच्या प्रोग्रामांसाठी दार उघडलं, आणि दोन खोके जोडणारी प्लगइनं भराभर निघाली.

सिंक हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि घोळ तिथेच होतो. तुमचा लॅपटॉप आणि झोटेरोचा सर्व्हर यांच्यातलं सिंक खरंखुरं दुतर्फी आहे. प्रत्येक बदलाला सर्व्हर संग्रहाचा आवृत्ती-क्रमांक वाढवतो. लॅपटॉप विचारतो, "माझ्याकडे ४१२ पर्यंतचं आहे, त्यापुढचं द्या." एकच नोंद दोन ठिकाणी वेगवेगळी बदलली असेल तर कुठली ठेवायची ते तुम्हाला विचारलं जातं. झोटेरो आणि नोशन यांच्यात हा हिशेब ठेवणारं कुणी नसतं. नोटेरोसारखं प्लगइन झोटेरोतली नोंद नोशनच्या तक्त्यात पोचवतं, पण नोशनमध्ये तुम्ही सालाची दुरुस्ती केलीत तर ती परत येत नाही. लोक याला उणीव म्हणतात. मला ते योग्य वाटतं. पुस्तकाचा तपशील दुरुस्त करायची जागा एकच असावी, लुमानचं बोट एकाच दिशेला होतं तसं.

आता माझ्या वाक्याकडे. जेम्स कॅम्पबेल यांनी संकलित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८ वा खंड पुणे जिल्ह्याचा. तो १८८५ मध्ये निघाला, तीन भागांत. मी आधी एकच भाग नोंदवला होता. खूण आपोआप तयार झाली: कॅम्पबेल१८८५. तीच टिपणांत वापरली. वर्षभराने उरलेले दोन भाग घातले, त्यांना मागे अ आणि ब लागलं. मग एका रात्री उत्साहाच्या भरात मी नोंदी 'स्वच्छ' केल्या. सालं नीट केली, एक दुबार नोंद उडवली, आणि खुणा नव्याने तयार होऊ दिल्या. कॅम्पबेल१८८५ आता तिसऱ्या भागाकडे बोट दाखवू लागली. टिपणांमधल्या खुणांना याचा पत्ताच नाही. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं, मूर्खपणा माझा. अर्थ असलेली खूण मी दोरा म्हणून वापरली, आणि अर्थ दुरुस्त करायला गेले तेव्हा दोरा तुटला.

म्हणून आता मी काय करते ते सांगते. झोटेरोतल्या प्रत्येक नोंदीला आतमध्ये आठ अक्षर-आकड्यांची एक अर्थहीन ओळख असते, डिट्टो दाखल अंकासारखी. शीर्षक बदला, साल बदला, ती बदलत नाही. टिपणात मी त्या ओळखीवर बांधलेली लिंक ठेवते. आडनाव-सालाची खूणही ठेवते, पण ती माणसाने वाचायला, आणि तयार झाल्या झाल्या पक्की बांधून टाकते. एक सावधगिरी: वैयक्तिक संग्रहातली नोंद गटाच्या संग्रहात ओढली की तिथे नवी प्रत तयार होते आणि तिची ओळख वेगळी असते. गटात काम करणार असाल तर लिंका बनवण्याआधीच संग्रह ठरवा.

दुसरं, पानाचा आकडा. मार्च २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोतच पीडीएफ वाचता येतं, आणि रंगवलेलं वाक्य टिपणात घेतलं की पानासकट येतं. पण जुन्या स्कॅनमध्ये फाइलचं पान आणि छापील पान एक नसतं. कव्हर, कोरी पानं, नकाशे, सगळं मोजलं जातं. माझ्या एका फाइलमध्ये २५ पानांचा फरक आहे. छापील आकडा एकदा डोळ्याने बघून घ्याच.

तिसरं कुठलंच प्लगइन करत नाही. शब्द पुस्तकाचे आहेत की माझे, हे वाक्य उतरवताना त्याच क्षणी लिहायला हवं. मी आता पुस्तकाच्या शब्दांना अवतरणचिन्हं देते आणि माझ्या वाक्याआधी 'मी:' लिहिते. बावळट दिसतं, दिसू दे.

मॅडमनी रेघ मारलेलं ते वाक्य मी तीन दिवस शोधत होते. तिसऱ्या भागात नव्हतं. दुसऱ्या भागात सापडलं, पण अर्धंच. स्वल्पविरामापर्यंत गॅझेटियरचं होतं. त्यापुढचं, ज्यावर माझा युक्तिवाद उभा होता ते, माझं होतं: वाचता वाचता मीच कधीतरी जोडलेलं अनुमान, आणि दोन वर्षांत त्याला १८८५ च्या सरकारी पुराव्याचा मान मिळून गेला होता. प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. ठावठिकाणा नसलेली आणखी ४१ टिपणं एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवलीत. दर रविवारी दोन सोडवते. या रविवारी एकच सुटलं.