मोहाचे फूल आणि सुटी गोळी

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या अबकारीचा इतिहास पाहू लागलो की एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. सरकारने माणसाच्या आधी झाडावर नजर ठेवली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढायला परवाना लागू लागला. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुले जवळ बाळगण्यावरही बंधने आली. डहाणूच्या वारली कुटुंबाला जे फूल अडीअडचणीच्या दिवसांत अन्न होते, ते अशा रीतीने संशयास्पद ठरले.

पुढे एप्रिल १९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने त्या बंदीतून सोडवली. दारू आणि औषध यांची कायद्याच्या पुस्तकातली ही मोठी भेट. परंतु तीत प्रश्न होता तो औषधातल्या दारूचा. दारू पिणाऱ्याने घेतलेल्या औषधाचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली आणि पुढे दोन्हीकडचे मद्याचे नियमही निराळे झाले.

आता गोळीकडे वळू. ज्या १८७८ साली अबकारी कायदा झाला, त्याच वर्षी हार्मन मॉर्स या अमेरिकन रसायनज्ञाने पॅरासिटामॉलची कृती प्रसिद्ध केली. बाजारात ती गोळी खऱ्या अर्थाने आली १९५५-५६ च्या सुमारास. अतिमात्रेने यकृत जळते, हे १९६६ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी दाखविले. ते का जळते याचा उलगडा १९७३ च्या सुमारास अमेरिकेत झाला. यकृत या औषधाचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून टाकते. थोडा भाग मात्र विषारी बनतो, आणि त्याला ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य निकामी करते. रोज पिणाऱ्याच्या यकृतात विष बनविणारे विकर वाढलेले असते, आणि उपाशी माणसाचे ग्लुटाथायोन घटलेले. पोटात मद्य असते तोवर ते विकर मद्यातच गुंतलेले राहते. मद्य उतरल्यावर ते मोकळे होते. म्हणजे अधिक जपायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी, डोके ठणकत असता! क्वचित पिणाऱ्या निरोगी माणसाने नेमकी मात्रा घेतली तर सहसा अपाय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. भय आहे ते रोजच्या पिण्याचे, रिकाम्या पोटाचे आणि दुखणे थांबेना म्हणून दिवसभर घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचे. अ‍ॅस्पिरिन व इबुप्रोफेन यांची तऱ्हा वेगळी. ती जठराचे अस्तर सोलतात, मद्य त्यात भर घालते आणि रक्तस्राव होतो.

१९९८ साली अमेरिकेने अशा गोळ्यांच्या वेष्टनावर, रोज तीन वा अधिक पेले घेणाऱ्याने आधी डॉक्टरांस विचारावे, अशी सूचना सक्तीची केली. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘के’ने हजारापर्यंत वस्तीच्या गावात अ‍ॅस्पिरिन व पॅरासिटामॉल किराणा दुकानातूनही विकण्यास मुभा दिली. जिथे दवाखाना कोसावर, तिथे ही सवलत योग्यच होती, असे आमचे मत आहे. परंतु पाड्यावर गोळी येते ती कात्रीने कापलेल्या पट्टीतून. वेष्टनावरचा मजकूर दुकानातच राहतो. दारू म्हटली की आदिवासीकडे बोट दाखविण्याची नागर खोड आम्हांस मान्य नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर सुट्टीला येणाऱ्या शहरी मंडळींचे यकृत काही निराळ्या धातूचे नसते. फरक आहे तो आवणीच्या दिवसांचा. तेव्हा कणगी तळाला गेलेली असते, पाठ चिखलात दिवसभर वाकलेली असते, आणि ताडी व गोळी दोन्ही अंगदुखीवरच घेतली जातात.

विषबाधेवर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो पहिल्या आठ तासांत दिल्यास उत्तम लागू पडतो. पहिल्या दिवशी मात्र रोग्याला मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही. डोळे पिवळे दिसू लागतात ते दोन-तीन दिवसांनी.