सारवलेली भिंत, रंगवलेली भिंत : घरकाम आणि कला यांच्या फारकतीचा इतिहास

पाऊस ओसरला की दिवाळीपर्यंतचे दिवस पिंपळे सौदागरसारख्या उपनगरात रंगकामाचे असतात. सोसायट्यांच्या जिन्यांतून पुट्टीच्या गोण्या वर जातात, घरातले सामान खोलीच्या मध्यभागी जुन्या चादरींखाली गोळा होते, मुले परीक्षेचा अभ्यास शेजारच्या घरी जाऊन करतात. आणि ज्या घरात कुणाला भरतकामाची, मातीकामाची, चित्रांची वा कागदी कंदिलांची आवड आहे, तिथे ती नेमकी याच दिवसांत अडगळीत पडते. भिंतीची डागडुजी, हाताची कला आणि संसार यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मग विचारला जातो. तो वेळापत्रकाचा आणि व्यवहाराचा आहे, असे वरवर वाटते. आमच्या मते तो इतिहासाचाही प्रश्न आहे. या तीन गोष्टी मुळात वेगवेगळ्या आहेत आणि म्हणून त्यांच्यात वेळ वाटून द्यावा लागतो, हे गृहीतक त्यात दडलेले आहे. हे गृहीतक फार जुने नाही. ते कसे तयार झाले आणि त्यात कुणाला काय मिळाले, कुणी काय गमावले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ थोडा मागून करू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास सिद्ध केलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना एका उल्लेखामुळे परिचित आहे : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ओवीचा हा आरंभीचा उल्लेख आपण छंदाच्या इतिहासासाठी वापरतो. मात्र त्यात गाणे कामाच्या आत आहे, कामानंतरच्या फावल्या वेळात नाही, ही बाब सहसा निसटून जाते. याच ग्रंथात चित्रकलेचेही विवेचन आहे. त्यात भिंत गुळगुळीत कशी करावी, म्हशीच्या कातड्यापासून वज्रलेप कसा तयार करावा, भिंतीवर लेप कसे चढवावेत, याची चर्चा येते. आणि चित्रांच्या प्रकारांत 'धूलिचित्र', म्हणजे आपल्या रांगोळीचे पूर्वरूप, सन्मानाने मोजलेले आहे. गिलावा करणारा हात आणि चित्र काढणारा हात एकाच विवेचनात बसतात, यात ग्रंथकाराला काही विपरीत वाटलेले नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतही याहून निराळे काही दिसत नाही. तिथली चित्रे ज्या थरावर उभी आहेत तो मातीत भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा आहे, आणि त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. दख्खनच्या कोणत्याही शेतकऱ्याने आपल्या घराची भिंत ज्या द्रव्यांनी लिंपली असती, त्याच द्रव्यांचे हे नातेवाईक आहेत.

ही परंपरा राजदरबारातून खेड्यात उतरली असे आम्हांला म्हणायचे नाही. बहुधा प्रवास उलटा असावा. आपल्या भाषेत शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणत. वस्तीची जागाच मातीच्या रंगाने ओळखली जाई, कारण घराची भिंत त्याच मातीतून वर येई आणि पडली की त्याच मातीत मिसळे. अशी भिंत एकदा बांधून संपत नाही. पावसाआधी छपराची शाकारणी, कौलांची चाळणी. पावसानंतर भिंतींचे पोपडे काढून लिंपण. घटस्थापनेच्या आधी सगळ्या घराचे सारवण. सणाच्या आदल्या दिवशी अंगण आणि रोज सकाळी सडा, असे ते वर्षभराचे चक्र होते. पवनेच्या खोऱ्यातले पिंपळे सौदागर हे गाव या चक्राला अपवाद असण्याचे कारण नाही.

या चक्रात डागडुजी कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते, हे सांगता येणार नाही. शेणाने सारवताना बोटांचे अर्धवर्तुळाकार फटकारे उमटतात. ते सारखे पडावेत अशी सारवणारीची धडपड असते. पांढऱ्या मातीचा हात दिल्यावर खालच्या बाजूने गेरूची पट्टी ओढली जाते. ओलेत्या जमिनीला भेगा पडू नयेत म्हणून मिश्रणाचे प्रमाण सांभाळावे लागते आणि त्याच जमिनीवर शिरगोळ्याच्या पुडीने रांगोळी उतरते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत काढले जाणारे चैत्रांगण सारवलेल्या भूमीवाचून कल्पनेतही येत नाही. मूल मांडीवरून उतरले की तेही चिखलात हात घालते. आईने त्याला तेवढा कोपरा सोडून दिलेला असतो. कलेचे शिक्षण, घराची निगा आणि संसार ही तिन्ही कामे एकाच ओल्या भिंतीपाशी चालत.

येथे थांबून एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या एकरूपतेचे गोडवे गाणे सोपे आहे, आणि आपल्या ग्रामीण ललितगद्याने ते पुष्कळ गायलेही आहेत. पण तिची किंमत एकाच बाजूने चुकती केली. शेण गोळा करणे, माती वाहून आणणे, लांबून पाणी भरणे, वाकून तासन्‌तास सारवणे ही कामे बायकांची. आणि ती टाळण्याचा पर्याय त्यांना नव्हता. चुना भाजणे, दगड फोडणे, गिलावा करणे ही कामे ठरावीक जातींच्या माथी होती, आणि ज्या घरांच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या त्यांतल्या अनेक घरांचा उंबरा ओलांडण्याची मुभा त्यांना नव्हती. शिवाय जी कला दर पावसाळ्यात वाहून जाते तिला कर्ता उरत नाही. सारवणात निपुण असलेल्या हजारो स्त्रियांपैकी एकीचेही नाव आपल्या कलेतिहासात नाही. शब्दांच्या बाबतीत तरी काही वाचले. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने आली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी १९८०च्या दशकापासून मावळ-मुळशीच्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या अगदी उशाशी असलेल्या भागातल्या, आणि पुढे महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. तो संग्रह एक लाखावर गेला. भिंतींसाठी असा कुणी संग्राहक आला नाही. येणार तरी कसा? दर वर्षी जुना थर खरवडला जाणे हीच त्या कलेची रीत होती.

फारकत दोन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा चुन्याचा. चुनकळी पाण्यात विरवायची, गाळून घ्यायची, पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ घालायची आणि वाखाच्या कुंचल्याने हात द्यायचा, ही कृती घरातला कुणीही करू शकत असे. लावलेला चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगड होत जातो, त्यामुळे भिंत टिकते आणि श्वासही घेते. पण चुना विकत आणावा लागतो, आणि ओल्या चुन्यात हात घातला तर कातडी भाजते. सारवणात मूल सामील होत असे. सफेदीच्या वेळी त्याला दूर ठेवावे लागले. शहरांत भाड्याच्या बिऱ्हाडांनी आणखी एक पेच निर्माण केला. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाडेकरूंना आधार मिळाला; पण दुरुस्तीत मालकाला रस उरला नाही आणि भिंत आपली नसल्याने भाडेकरूचाही हात आखडला. पुण्या-मुंबईच्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या पोपडे आलेल्या भिंती, ज्या आपल्या कथा-कादंबऱ्यांत वातावरण म्हणून येतात, त्या या कायद्याच्याही खुणा आहेत.

दुसरा टप्पा कारखान्यातल्या रंगाचा. १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचला आणि रंगाचा डबा घेतलेला खट्याळ 'गट्टू' चितारला. योगायोग असा की त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ मोठे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कामगार वसाहतींच्या सिमेंटच्या भिंतींना सारवण चालत नव्हते आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. डिस्टेंपर, मग ऑइल पेंट, मग इमल्शन असा क्रम लागला. पाळीवरून येणाऱ्या कामगाराला आणि त्याच्या पत्नीला भिंतीच्या नित्य मागणीतून सुटका मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. रंग आता चार-सहा वर्षांनी एकदा द्यायचा होता, आणि तो देणारा रंगारी बाहेरून येणार होता.

हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि पिंपळे सौदागरचे रूप पालटले. शहराची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत दहा लाखांच्या थोडी वर होती, ती २०११ मध्ये सतरा लाखांपलीकडे गेली. शेतांच्या जागी संकुले आली. या घरांत डागडुजीचे स्वरूप काय झाले, हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाचायला मिळते. बाहेरची भिंत, जिना, गच्ची संस्थेची. आतली भिंत सभासदाची. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का. बाहेरचा रंग सर्वसाधारण सभा ठरवते. उंबऱ्यापुढची जागा सामाईक असल्याने तिथली रांगोळी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांशी आणि सफाईच्या वेळेशी तडजोड करत काढावी लागते. पुष्कळ दारांपुढे चिकटवायची छापील रांगोळी असते. सारवणाचे ऋतुचक्र टक्केवारीत आणि ठरावांत रूपांतरित झाले. ज्या हातांना पूर्वी भिंत होती त्यांना आता कागद, कापड आणि कॅनव्हास मिळाले, आणि त्या कामाला 'छंद' हे नाव मिळाले. वारली नक्षीचे वर्गही लागतात. त्यासाठी गेरूच्या रंगाचा कागद दुकानातून येतो.

वारलीचे उदाहरण येथे निर्णायक आहे. डहाणू परिसरात लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने लिंपलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत, धवलेरी गाणी म्हणे. चित्र, भिंतीची तयारी आणि लग्नघर यांचा तो एकच विधी होता. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने हे चित्र कागदावर उतरले आणि जिव्या सोमा मशे हे नाव जगाला कळले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी दुमत नाही. पण इतिहासकाराने एवढे नोंदवावे की चित्र भिंतीवरून सुटले तेव्हा त्याला स्वाक्षरी मिळाली, आणि ती प्रथम एका पुरुषाची होती. भिंतीशी बांधलेल्या सवाशिणी निनावी राहिल्या. कला म्हणजे जे घरापासून वेगळे करून नेता येते ते. घरात उरते ते काम, अशी विभागणी या प्रसंगात स्पष्ट दिसते.

हा पेच केवळ आपलाच नाही. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन यूकलीस या चित्रकर्तीने मूल झाल्यानंतर, १९६९ मध्ये, निगराणीच्या कलेचा जाहीरनामा लिहिला. झाडणे, धुणे, दुरुस्त करणे यांतच आपला दिवस जातो, तर हेच आपण कला म्हणून मांडू, असा तिचा पवित्रा होता. १९७३ मध्ये तिने एका संग्रहालयाच्या पायऱ्या प्रेक्षकांदेखत धुतल्या. आपल्याकडच्या सारवणारीला असा जाहीरनामा लिहिण्याची गरज वाटली नसती, कारण तिच्या लेखी ही दोन कामे वेगळी झालेलीच नव्हती. आणि तो लिहिण्याची सवडही तिला मिळाली नसती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

सवडीचा हिशेब आजही उलगडलेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के आढळले; जे ते करतात त्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात. रंगारी बाहेरून आला तरी सामान हलवणे, रंगाच्या छटा निवडणे, दोन खोल्यांत स्वयंपाक आणि अभ्यास निभावणे, रंगाऱ्याला चहा देणे आणि शेवटी फरशीवरचे डाग खरवडणे, हे सारे त्या २९९ मिनिटांतच बसवायचे असते. सारवण गेले, सारवणारीचे तास मात्र अन्य कामांत वाटले गेले. तिच्या वाट्याला येईनासा झाला तो त्या कामातला सर्जनाचा भाग.

म्हणून 'मेळ कसा घालावा' या प्रश्नाचे उत्तर निव्वळ वेळेच्या नियोजनात शोधणे आम्हांला अपुरे वाटते. जुनी एकरूपता परत आणता येणार नाही आणि ती जशीच्या तशी परत येऊही नये. तिच्यात सक्ती होती. पण तिने दिलेली एक दृष्टी टिकवता येते. घराची निगा राखणे हे हीन आणि कला हे उच्च, ही उतरंड आपण अलीकडे रचली आहे. ती मान्य केली की भिंत ठेकेदाराकडे जाते, छंद रविवारी जातो आणि उरलेले घर एकीच्या अंगावर पडते. ती नाकारली, तर पुट्टी घासण्यात घरातला पुरुषही हात घालील, एखादी भिंत मुलांसाठी मोकळी राहील, आणि भरतकाम करणारीला तिचा कोपरा कामे आटोपण्याची वाट न पाहता मिळेल.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे याहून वेगळे काम आहे. आपण कथा-आत्मचरित्रांत सारवण, सडा, सफेदी यांचे उल्लेख 'वातावरणनिर्मिती' म्हणून समासात टिपतो आणि पुढे जातो. ते उल्लेख एका निनावी कलेचे उरलेसुरले दस्तऐवज आहेत, असे समजून ते पुन्हा वाचले पाहिजेत. भिंतींवरचे थर खरवडले गेले; पुस्तकांतले अजून शाबूत आहेत.