सपरीतली मांडणी : लोधीखेड्याच्या घरांमधलं सामान आणि सजावट

मागच्या दिवाळीच्या आधी माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. नव्या फ्लॅटची चावी मिळाली होती आणि सोफ्यापासून पडद्यापर्यंत निवड चालली होती. "मामा, हॉलमध्ये एक ब्रास कॉर्नर करायचाय. तुमच्या लोधीखेड्याला जुनं पितळ मिळतं ना? एखादा गुंड, घंगाळ, समई, काहीही चालेल. पण ओरिजिनल पाहिजे हं."

"पाहतो बाई," म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ बंगईवर बसून राहिलो. तिच्या आईच्या लग्नात आमच्या घरातलं पितळ कुठे गेलं हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तराजूजवळ मीच उभा होतो. ते पुढे येईलच. आधी आपण सपरीत जाऊ.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोधीखेडा हे सौंसर तहसीलमधलं, जाम नदीच्या काठचं गाव. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालं की साठेक किलोमीटरवर लागतं. पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, मग मध्यप्रांतात, १९५६ नंतर मध्य प्रदेशात. २०२३ पर्यंत जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा आहे. शाळा हिंदीत, भांडण मराठीत. आणि गावाची जुनी ओळख विचाराल तर तांब्या-पितळेची भांडी.

आता सपरी. पुण्याकडचे लोक ओसरी म्हणतात, दिवाणखाना म्हणतात. आमच्याकडे घरात शिरल्यावरची पहिली खोली म्हणजे सपरी. मी लहान असताना पाहिलेल्या सपऱ्यांमध्ये "फर्निचर" म्हणावं असं फार काही नव्हतंच. एक बंगई, भिंतीला उभी करून ठेवलेली एक-दोन बाजा, बऱ्या घरात गादी आणि लोड-तक्के. भिंतीत देवळ्या, म्हणजे कोनाडे. लाकडी खुंट्या. सगळं बसणं जमिनीलगत. खुर्ची असली तर ती पटवारी, मास्तर किंवा डॉक्टरसाठी, घरचा माणूस तिच्यावर बसला तर आजी विचारायची, "का रे, साहेब झालास का?"

मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे वस्तूकडे पाहिलं की आधी तिचं वजन आणि आधार दिसतो. बंगईचंच घ्या. पाच-सहा फुटांची सागाची फळी, चार कोपऱ्यांत चार कड्या, साखळ्या वर तुळईला. सातपुड्यातला साग हाताशी होता म्हणून ती फळी एकसंध मिळायची. झोका घेतला की साखळ्यांवरचा ताण नुसत्या वजनापेक्षा वाढतो. तीस अंशांपर्यंत झोका गेला तर खालच्या बिंदूवर तो जवळजवळ सव्वापट होतो. तीन माणसं बसली, दोनशे किलो धरले, तर तुळईला अडीचशे किलो झेलावे लागतात. जुन्या सुतारांनी हे गणित कागदावर केलं नसणार, पण बंगईखालची तुळई इतर तुळयांपेक्षा जाड असते, हे मी मोजून पाहिलं आहे. आजकाल स्लॅबमध्ये हूक ठोकून, मॉलमधून आणलेला वेताचा झोपाळा टांगतात तेव्हा माझं लक्ष आधी हुकाकडे जातं, मग झोपाळ्याकडे.

आता सजावट. बसायला बाज आणि निजायलाही बाज, मग घरातली शोभा होती कुठे? ती होती माजघराच्या मांडणीवर. भिंतीला समांतर लाकडी फळ्या, त्यांवर भांडी उतरत्या क्रमाने मांडलेली. खाली कोपर आणि पराती, मध्ये गुंड आणि गंज, वर गडवे, फुलपात्रं, पानाचा डबा. दिवाळीच्या आधी सगळं खाली उतरायचं, चिंच आणि राखेने घासायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा त्याच क्रमाने वर. सपरीतून माजघराच्या दारातून ही मांडणी दिसावी अशीच दाराची जागा असायची. मी पाहिलेल्या जुन्या घरांपैकी बहुतेकांत सपरीतल्या मुख्य बैठकीवर बसलं की नजर थेट मांडणीवर जाते. सोयरीक करायला आलेली मंडळी तिथेच बसायची. त्यांनी काय मोजलं असेल, वेगळं सांगायला नको.

मोजण्यासारखं ते होतंच. पितळ म्हणजे तांबं आणि त्यात साधारण एक-तृतीयांश जस्त. धातू वितळवला तरी धातूच राहतो, त्यामुळे भांडं जुनं झालं, पिचलं, भोक पडलं, तरी मोडीचा भाव मिळायचा. नवं घेताना जुनं वजनावर देऊन वरची मजुरी तेवढी भरायची. बँक गावात यायच्या कितीतरी आधी बाईच्या हक्काची बचत सोन्यात, चांदीत आणि पितळेत असायची. सोनं पेटीत लपवायचं आणि पितळ फळीवर मिरवायचं, एवढाच फरक. तेव्हा आजच्या भाषेत जिला आपण शोपीसची फळी म्हणू, ती आमच्याकडे खरं तर पासबुकाचं उघडं पान होतं.

हे घडवणारी माणसं गावातच. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात तांबटांवर वेगळं प्रकरण आहे. पत्रा कापायचा, ठोकून खोलगट करायचा. ठोकून ठोकून धातू कडक होतो, मग भट्टीत लाल करून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. गुंड एका पत्र्याचा होत नाही. तळ, पोट आणि गळा वेगळे करून जोडतात. जोडाच्या कडेला दाते कापून एकमेकांत बसवायचे आणि वरून झाळ द्यायची. जुना गुंड उलटा करून उजेडात धरला तर ही करवतीसारखी नागमोडी रेघ दिसते. शेवटी मठारकाम, म्हणजे सगळ्या अंगावर सारख्या अंतराने हातोडीचे ठोके. लोकांना ती नक्षी वाटते. नक्षी आहेच, पण ते ठोके पत्रा घट्ट आणि ताठ करण्यासाठी असतात. इंजिनियरला याहून सुंदर सजावट कोणती दाखवणार?

बाहेरच्या वस्तू आल्या त्या मुख्यत: रेल्वेमुळे. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या लाइनवर. आमच्या वाट्याला अडीच फूट रुंदीची छोटी गाडी, नागपूर-छिंदवाडा. २०१५ च्या शेवटी ती बंद झाली आणि नंतर मोठ्या रुळांवर पुन्हा सुरू झाली. त्या छोट्या गाडीच्या काळात घड्याळं आली, आरसे आले, तसबिरी आल्या. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. तिथली लक्ष्मी-सरस्वती सौंसर-पांढुर्ण्याच्या देवघरांवर अजून टांगलेली सापडते, काचेआड कसर लागलेली.

आणि एका सपरीत मला चक्क वाफेने वाकवलेल्या लाकडाची खुर्ची सापडली, वेताच्या बैठकीची. सीटखाली कागदी लेबलाचा एक कोपरा शिल्लक होता, अक्षरं मात्र गेलेली. या घाटाची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये काढली : सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग रचले तर छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. आज भाची ज्या कंपनीकडून खोक्यात भरलेलं, घरी जोडायचं टेबल मागवते, तिची ही पणजी. आमच्या सपरीतली खुर्ची मूळची की नक्कल, हा मुद्दा नाही. घरमालक तिला "वकिली खुर्ची" म्हणतात आणि आजही तिच्यावर पाहुण्यालाच बसवतात.

खरा उलथापालथीचा काळ याच्या बराच नंतरचा, माझ्या डोळ्यांदेखतचा. स्टील आलं. त्याला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, ते कळकत नाही. बायकांच्या हाताला केवढी विश्रांती मिळाली, हे पितळेचं गुणगान करणारे आम्ही पुरुष विसरतो. माझ्या आईला विचाराल तर ती अजूनही म्हणते, "तुम्ही घासा, मग बोला." तर स्टील आलं, कल्हईवाला फिरायचा थांबला, आणि मांडणीवरचं पितळ नुसतं शोभेचं उरलं. त्याच सुमारास आंदनाची यादी बदलली. पूर्वी मुलीला आंदन म्हणून भांडी द्यायची. आता पलंग, ड्रेसिंग टेबल, सनमायका लावलेलं शोकेस आणि लोखंडी कपाट. गोदरेजने पोलादी कपाटं १९२३ मध्ये बनवायला घेतली होती. आमच्याकडे पोहोचेपर्यंत तो शब्द सामान्यनाम झाला होता. कपाट कुणीही बनवलेलं असो, पाहुणे विचारायचे, "गोदरेज दिलं का?"

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी दहावीत होतो. त्या वर्षी संत्र्याचा बहार गळाला होता. बाबांनी एका सकाळी मांडणी उतरवायला सांगितली. मला वाटलं, घासायची आहे. बैलगाडीत पोतं अंथरून भांडी ठेवली आणि आम्ही बाजारात गेलो. दुकानदार एकेक भांडं उचलायचा, बुडाशी नख मारायचा, तराजूत टाकायचा. टाकायचा, ठेवायचा नाही. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा होता. मी वहीत वजन लिहीत होतो, माझं अक्षर चांगलं म्हणून. चार गुंड, दोन घंगाळं, कोपर, समया, गडव्यांची माळ. एका गुंडाच्या गळ्याशी ठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव होतं. दुकानदार म्हणाला, "नावाचं वजन होत नाही." त्याने ते गमतीने म्हटलं होतं, आणि बाबाही हसले. त्या पैशांत कपाट आणि शोकेस आलं.

मला त्या वहीची आठवण झाली ती पस्तिसेक वर्षांनी, इतिहासाच्या नादाला लागल्यावर. आपल्या मंडळात आपण शिलालेख, सनदा, मोडी कागद यांच्या मागे असतो. पण साध्या शेतकरी घराचा कागद कुठे असतो? तो भांड्यावर असतो. छिन्नीने एकेक ठिपका मारत "नाव टाकलेलं" असतं : कुणाचं भांडं, कोणत्या गावचं, कुणाकडून आलं, कधीकधी तिथी किंवा साल. लग्नातल्या आहेराची ही नोंदच. दहा-बारा घरांत मी अशी भांडी उलटीपालटी करून पाहिली आहेत. त्यांतून लोधीखेड्याच्या सुना कुठून आल्या याचा एक ढोबळ नकाशा निघतो : सौंसर, पांढुर्णा, सावनेर, काटोल, मोवाड. १९५६ ची राज्यसीमा या नकाशात कुठेच नाही. आणि आजीसारख्या बाईचं नाव, जे सातबाऱ्यावर किंवा आमच्याकडच्या खसऱ्यावर सहसा येत नाही, ते इथे स्वत:च्या मालकीच्या वस्तूवर सापडतं. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी जमवली, अहमदाबादला सुरेंद्र पटेलांनी "वेचार" हे भांड्यांचं संग्रहालय उभारलं. ते पाहताना मी कारागिरीपेक्षा नावंच शोधत फिरलो.

भाचीसाठी मी बाजार धुंडाळला. नागपुरात एका चकाचक दुकानात "अँटिक" म्हणून ठेवलेल्या घंगाळाला खिशातलं चुंबक लावलं तर ते चिकटलं. लोखंडावर मुलामा. (खरं पितळ चुंबकाला धरत नाही, एवढी एक परीक्षा घरी सजावट करणाऱ्या प्रत्येकाने करावी. दुसरी म्हणजे आत हात घालून जोड चाचपणं, आणि तिसरी नाव शोधणं.) किंमत विचारली. आम्ही ताईच्या लग्नात जेवढ्यात सगळी मांडणी विकली, तिच्या कितीतरी पट. अर्थात तेव्हाचा रुपया आणि आताचा रुपया वेगळा, पण हिशोब करायचं मन झालं नाही.

शेवटी घरीच सापडलं. गोठ्यात, ढेपेच्या पोत्यामागे एक गडवा, दूध काढताना गाईच्या सडांवर पाणी मारायला वापरायचो तो. बुड चेपलेलं, म्हणून त्या दिवशी गाडीत चढला नव्हता. घासल्यावर गळ्याशी ठिपके दिसले. आजीचं माहेरचं नाव आणि तिच्या मामाचं गाव.

पॉलिश करू नको, बुड ठोकून सरळ करून घेऊ नको, अशी चिठ्ठी घालून भाचीकडे पाठवला. तिने तो टीव्हीच्या शेजारी ठेवला आणि व्हिडिओ कॉल लावून ताईला दाखवला. ताई तेव्हा नागपूरला, तिच्या घरी. तिने मला नंतर वेगळा फोन केला. "आजीचं एवढंच उरलं का रे? बाकीची भांडी कुठे गेली?"

बाबांनी तिला कर्ज काढलं असं सांगितलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला वजनाची वही, तराजू, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "शोकेस मागेच मोडलं. कपाट आहे अजून. त्याचं हँडल ढिलं झालंय, येशील तेव्हा पाना घेऊन ये."