परांजपे, रघुनाथ पुरुषोत्तम
(१६ फेब्रुवारी १८७६ – ६ मे १९६६). गणितज्ञ, शिक्षणतज्ज्ञ व उदारमतवादी नेते. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी (ता. दापोली) येथे. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ मध्ये ‘सीनिअर रँग्लर’ झालेले ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराच्या नोकऱ्यांचा मोह टाळून ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सेवेत राहिले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. पुढे लखनौ (१९३२–३८) व पुणे (१९५६–५९) विद्यापीठांचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. बुद्धिवाद व स्त्रीशिक्षण यांचा त्यांनी आयुष्यभर निर्भीडपणे पुरस्कार केला.